तीन नंबरचा खटका

चार सिलिंडरच्या गाडीला मी गाडी म्हणत नसे. कुणी घेऊन आलाच तर दुरुस्त करायचो, पण तोंड वाकडं करून. "काय हो, हे शिवणयंत्र कुठून उचललंत?" असं वर विचारायचो. गिऱ्हाईक हिरमुसलं की मला बरं वाटायचं. स्वभावाला औषध नसतं.

ठाकुरद्वाराच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज होतं. आम्हा प्रभू लोकांत मुलगा वकील व्हायचा, नाहीतर सॉलिसिटरच्या कचेरीत चिकटायचा. मी हात काळे केले. मनमोहनने घराण्याचं नाव तेलात बुडवलं, असं माझे काका लग्नामुंजीत सांगत फिरत. मग त्यांच्याच ओळखीचे मोठमोठे लोक माझ्याकडे गाड्या आणू लागले आणि काकांनी सूर बदलला. ही माणसं लांबून यायची ती एकाच कामासाठी. एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन गिरगावात कुणी ओळखत असेल तर तो मी, अशी माझी ख्याती होती.

त्या इंजिनाचं मला वेड होतं, हे कबूल करतो. सहा पिस्टन, दोन-दोनच्या तीन जोड्या. एक जोडी वर पोचते तेव्हा उरलेल्या दोन वाटेत असतात, आणि एकीचा हिसका दुसरी आपसूक खाऊन टाकते. चांगल्या भोयांची पावलं जुळली की पालखीतल्याला खाली रस्ता आहे हे कळत नाही, तसं. चार सिलिंडरला हे कधी जमायचं नाही, मग कंपनी कुठलीही असो. गाडी ताब्यात देताना मी इंजिन चालू ठेवून त्याच्या सपाट डोक्यावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायचो. नाणं हलत नसे. बघायला गल्लीतली माणसं जमत, आणि मी जादूगारासारखा बाजूला उभा राहत असे.

पण माझं खरं नाव नाण्यामुळे नव्हतं, कानामुळे होतं. लांब डिसमिसचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. आत काय खटकतंय, कुठल्या नंबरला, ते मी उघडल्याशिवाय सांगायचो. लोक मला 'कान' म्हणत. "कानाकडे ने," असं एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला सांगे.

तो कान छप्पन सालच्या जानेवारीत गेला.

महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती तेव्हा. गल्लीच्या तोंडाशी मुलं घोषणा देत होती, पोलीस आले आणि अश्रुधुराची नळकांडी फुटू लागली. मी काही घोषणा देत नव्हतो. आत तीन गाड्या होत्या, त्यांच्या काचा फुटतील म्हणून शटर ओढत होतो. एक नळकांडं शटरवर येऊन डोक्याशेजारीच फुटलं. दोन दिवस नुसता घंटानाद. मग उजवा कान निम्मा परत आला. डावा आलाच नाही, आणि डिसमिस मी जन्मभर डाव्या कानाला लावत आलो होतो. उजव्याला लावून पाहिली. नुसती घरघर ऐकू येई, त्यातलं बारीक काही नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो? सोनाराने डोळे गेले म्हणून दुकानावर पाटी लावावी, तसं झालं असतं. बायकोला, राजलक्ष्मीला, तेवढं कळलं. घरात कुठवर लपवणार?

आणि कळलं कोंडीरामला.

कोंडीराम माझा मिस्त्री. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. बारा वर्षं माझ्याकडे होता आणि इंजिनाच्या खालच्या अंगाचं काम, म्हणजे बेअरिंग घासून बसवणं वगैरे, त्याच्यासारखं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. इतका चांगला मिस्त्री, पण गॅरेजात त्याचा चहाचा कप वेगळा होता. तो नियम मी केला नव्हता, माझ्या आधीपासून चालत आला होता, असं मी स्वतःला सांगायचो. मोडलाही नव्हता. छप्पनच्या ऑक्टोबरात तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि तेव्हापासून त्याने आमचा चहाच बंद केला. भांडला नाही. घरून पितळी डब्यात चहा आणू लागला.

तर त्या जानेवारीनंतर पहिल्यांदा कुणाची तरी गाडी आली तेव्हा मी डिसमिस लावून डोळे मिटले आणि घामाघूम झालो. काही ऐकू येईना. डोळे उघडले तर समोर, बॉनेटच्या पलीकडे कोंडीराम उभा. त्याचा हात चौथ्या प्लगपाशी सहज ठेवल्यासारखा, आणि बोट दोनदा हललं. "चार नंबर," मी म्हणालो. उघडलं तर खरंच चार नंबर. त्या दिवसापासून हे असंच चालू झालं. आमच्यात त्याबद्दल एक शब्द कधी झाला नाही. त्याने ऐकायचं, बोटाने दाखवायचं आणि मी मोठ्या आवाजात सांगायचं. वर्षभर 'कान' म्हणून मी जे मिरवलो ते त्याच्या कानावर.

सत्तावन्नच्या जानेवारीत कोंडीराम मला म्हणाला, "शेठ, वरळीला मोठ्या वर्कशॉपात इंजिन फिटरची जागा निघालीय. पर्मनंट. एप्रिलअखेर फॉर्म द्यायचाय."

"मग दे की," मी म्हणालो आणि हातातला पाना पुसत बसलो.

"वयाची अट पस्तीसची आहे. मी आता चौतीसचा. ही संधी गेली की गेली. आणि प्रतिष्ठित माणसाचं पत्र लागतं, काम पाहिलेल्या माणसाचं. त्रिलोकेकर डॉक्टरांना विचारलं. ते देतो म्हणाले."

डॉक्टर कमलाकांत त्रिलोकेकर म्हणजे आमच्याच जातीतले, नात्यात लांबचे आणि गिरगावात देवासारखे. त्यांची अठ्ठेचाळीसची प्लिमथ माझी लाडकी गाडी होती. तिच्या सहा सिलिंडरांचा आवाज ऐकू यायचा नाही, नुसता भास व्हायचा. ती तेव्हा पूर्ण इंजिन उघडून करायला आमच्याकडेच आली होती. निवडणूक तोंडावर होती आणि डॉक्टरांना समितीच्या प्रचाराला गाडी हवी होती. "इंजिन नवं झाल्यावर पाचशे मैल सांभाळून चालवायचं असतं ना?" ते कोंडीरामला म्हणाले होते. "पाचशे मैल नीट झाले की त्याच दिवशी पत्र लिहितो. म्हणजे छातीठोक लिहिता येईल."

कोंडीराम गेला तर माझं काय, हाच विचार माझ्या डोक्यात दिवसरात्र. चांगला मिस्त्री जाईल म्हणून नव्हे. बोट जाईल म्हणून.

आता गॅरेजचा एक रिवाज सांगतो. खालचं काम मिस्त्रीने करायचं, पण पिस्टनला खाली धरून ठेवणाऱ्या सहा रॉडचे नट शेवटचे आवळायचे ते शेठने. नट आवळून त्याच्या भोकातून स्प्लिट पिन घालायची, म्हणजे तो पुन्हा सुटत नाही. रॉडला दोन नट, सहा रॉडच्या बारा पिना. माझ्या उस्तादाने मला हे शिकवलं होतं, की शेवटचा आटा मालकाचा. चूक झाली तर ती मालकाची म्हणूनच तो रिवाज.

प्लिमथचं इंजिन मी आवळायला बसलो. एक नंबर झाला, दोन झाला. तीनचे नट नुसते हाताने टेकवून घेतले, तेवढ्यात गल्लीत प्रचारफेरी आली. मला आवाज उशिरा कळला, फेरी अगदी दारात आल्यावर. डॉक्टर पुढे होते. त्यांनी हात केला, मी बाहेर गेलो, गुलाल लावून घेतला, दोन घोषणाही दिल्या. परत येऊन बसलो आणि चार नंबरपासून सुरुवात केली. इतकी साधी गोष्ट. शाळेतल्या पोराने पाढ्यातली ओळ गाळावी, तशी.

सगळं बंद केल्यावर बशीत दोन पिना उरलेल्या दिसल्या. जास्तीच्या आल्या असतील, असं मी म्हटलं. कोंडीराम त्या पिनांकडे बघत होता.

डॉक्टर गाडी घ्यायला आले तेव्हा गल्ली जमली. इंजिन चालू झालं, मी नाणं उभं केलं, ते उभं राहिलं. टाळ्या पडल्या. सहा सिलिंडरचं हेच तर वाईट, इंजिन इतकं सुबक की आत काय सैल आहे ते बाहेर दिसू देत नाही. मी डिसमिस कानाला लावून डोळे मिटायचं नाटक केलं, मग उघडले. कोंडीरामचं बोट तिसऱ्या प्लगपाशी होतं. एकदा हललं, दोनदा हललं.

मी पाहिलं. इथेच सगळं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, मी पाहिलं आणि मला कळलं. तीन नंबर, फेरी, बशीतल्या दोन पिना, सगळं एका क्षणात जुळलं. पण कबूल करायचं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर इंजिनाखालचा तेलाचा चेंबर पुन्हा उतरवायचा, आणि शेवटचा आटा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक. मी नजर फिरवली. "फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा कोंडीराम गिऱ्हाइकासमोर बोलला. "शेठ, तीन नंबरला खटका आहे. गाडी देऊ नका."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "दीक्षा घेतल्यापासून तुला फारच ऐकू यायला लागलंय रे!"

लोक हसले. डॉक्टरही हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. कोंडीरामने प्लगवरचा हात काढला, फडक्याला पुसला आणि आत गेला. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

गाडी दोनशे मैलही चालली नाही. वरळीच्या समुद्राकाठी तीन नंबरचा रॉड सुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. डॉक्टर प्रभादेवीला एका बाळंतिणीकडे निघाले होते, ते टॅक्सी करून पोचले, पोरगी सुखरूप झाली होती. पण इंजिन मेलं. तसला ब्लॉक तेव्हा मिळत नव्हता, परदेशी माल येणं बंद झालं होतं. फुटलेल्या भोकातून आत हात जात होता. मी हात घातला आणि रडू आलं. बाप गेला तेव्हा आलं नव्हतं.

डॉक्टर संध्याकाळी गॅरेजात आले. कोंडीराम गाडी ओढून आणून नुकताच घरी गेला होता.

"मनमोहन, चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"खालचं काम कोंडीरामचं असतं," मी म्हणालो.

बघा, यात खोटा शब्द एकही नाही. खालचं काम कोंडीरामचंच असतं. इतका सफाईदार खोटेपणा मला कसा सुचला कोण जाणे!

"आणि खटका आहे म्हणाला तो?"

"स्वतःचं काम बिघडलंय हे त्याला ठाऊकच असणार की."

डॉक्टरांनी इंजिनाच्या फुटक्या भोकाकडे पाहिलं. "मग त्याला पत्र कसं देऊ मी?" ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कोंडीराम आता कुठे जात नाही, हे पहिलं मनात आलं. लाज नंतर आली, जेवताना.

एप्रिल उलटला. फॉर्मची मुदत गेली. परळ-लालबागच्या गॅरेजांतून बातमी फिरली होती, कोंडीराम नट सैल सोडतो म्हणून. मी फिरवली नव्हती, पण थांबवलीही नव्हती. दुसरीकडे त्याला कोण उभं करणार? तो माझ्याकडेच राहिला. वेळेवर येई, चोख काम करी, डब्यातला चहा पिई. फक्त गिऱ्हाइकाची गाडी ऐकायची वेळ आली की तो समोर येऊन उभा राही आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेई. माझ्याकडे सरळ बघत.

मी अंदाजपंचे सांगू लागलो. कधी लागे, बहुतेक वेळा चुके. मोठी गिऱ्हाइकं पांगली. ज्यांची मी थट्टा केली ती शिवणयंत्रं आता माझ्याकडे येऊ लागली, आणि मी तोंड सरळ ठेवून ती दुरुस्त करू लागलो. डॉक्टरांनी प्लिमथमध्ये टॅक्सीवाले बसवतात तसलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. ती दारावरून गेली की मला ऐकू येत नसे, पण तळपायाला कळायचं. अंगणात कुणी खलबत्त्यात काही कुटावं तशी फरशी हादरायची.

अशी तीन वर्षं गेली. साठच्या एप्रिलात महाराष्ट्र होणार हे नक्की झालं आणि गिरगावात दिवाळीसारखी धांदल उडाली. त्या गडबडीत आमच्या राजलक्ष्मीने डॉक्टरांना गाठलं. माझं बहिरेपण वाढत चाललं होतं, ती काळजीत होती. तिने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर आनंदाने घरी आले. "अरे, चळवळीत कान गेला आणि तू बोलला नाहीस?" ते माझ्या उजव्या कानाशी ओरडले. "एक मेला गल्लीत सत्कार करू तुझा! बस, कान बघू दे."

मी म्हणणार होतो की मी शटर ओढत होतो. पण त्यांनी बॅटरी काढून डाव्या कानात बघायला सुरुवात केली होती. "यातलं गेलंच की पार. कधीपासून?"

"छप्पनच्या जानेवारीपासून."

त्यांचा हात थांबला. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते वळून समोर आले तेव्हा चेहरा निराळा होता. "छप्पन," ते म्हणाले. "म्हणजे माझी गाडी तू ऐकलीस तेव्हा..."

"काहीच ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो. आणि मग थांबता येईना. फेरी, तीन नंबर, बशीतल्या पिना, कोंडीरामचं बोट, सगळं सांगितलं. राजलक्ष्मी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघून एकेक शब्द सुटा म्हणाले, "इंजिन फुटलं त्याच रात्री तो माझ्याकडे आला होता. हेच सगळं सांगितलं होतं त्याने. पिना, तीन नंबर, तुझा कान. मी म्हटलं, स्वतःची चूक मालकाच्या कानावर ढकलतोस? लाज नाही वाटत? आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरायला लावल्या त्याला."

मला हे ठाऊक नव्हतं. तीन वर्षं तो हात बांधून माझ्यासमोर उभा राहत होता आणि मला वाटत होतं, सत्य आमच्या दोघांतच आहे.

डॉक्टरांनी तिथेच कागद मागवला आणि पत्र लिहिलं. मोठं, दोन्ही बाजूंनी. सही केली. "तू घेऊन जा," ते म्हणाले. "मला त्या माणसासमोर उभं राहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वरळीला गेलो. बारा आणि तीन, पंधरा वर्षं माझ्याकडे असलेल्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदा जात होतो, खोली विचारत विचारत. लांब गॅलरी, दोन्हीकडे दारं, कुठे कंदील टांगायची तयारी चाललेली. कोंडीराम दारात स्टुलावर बसला होता. उठला. "या शेठ," म्हणाला असावा. त्याची बायको कांता हिने आतून चहा आणला. घरात होता त्याच कपांतला एक मला दिला, एक त्याला. मी तो चहा कसा प्यायलो ते मलाच ठाऊक.

पत्र इंग्रजीत होतं. त्याची मुलगी शैला मॅट्रिकला होती, तिने वाचलं आणि बापाला मराठीत सांगितलं. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. अत्यंत कुशल, अत्यंत प्रामाणिक, असं काहीसं होतं ते. कोंडीराम ऐकत राहिला.

"मी सांगितलं डॉक्टरांना," मी म्हणालो. "सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती, कोंडीराम. मला माफ कर." एवढी वाक्यं मी वाटभर पाठ केली होती.

त्याने पत्र मुलीच्या हातातून घेतलं, घडी होती तशी घातली आणि माझ्यासमोर धरलं.

"ठेव ना," मी म्हणालो. "दुसरीकडे कुठे उपयोगी पडेल."

तो काहीतरी बोलला. हळू, खालच्या आवाजात, घरात बोलतात तसं. मला कळलं नाही.

"काय म्हणालास?" मी उजवा कान पुढे केला.

त्याने एकदा गॅलरीकडे पाहिलं. त्याला ते चारचौघांत बोलायचं नव्हतं, एवढं मला दिसलं. पण मी कान पुढे करून उभाच होतो. मग त्याने श्वास घेतला आणि जत्रेत हाक मारावी एवढ्या मोठ्याने म्हणाला, "शेठ, गोष्ट तीच होती! मी सांगितली तेव्हा खोटी ठरली, तुम्ही सांगितली तेव्हा खरी झाली! असलं पत्र मला नको!"

गॅलरीतली माणसं थांबली. पलीकडची दोन दारं उघडली आणि बायका बाहेर आल्या. मी पत्र हातात घेतलं आणि सगळ्यांच्या समोरून जिन्याकडे चालू लागलो. गॅलरी फार लांब होती.